ट्यूरिंगला वीस कारकून बायका हव्या होत्या

बेटी वेब ३१ मार्च २०२५ रोजी गेल्या तेव्हा त्यांचं वय १०१ होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश उलगडणारं जे ठाणं इंग्लंडात ब्लेचली पार्क इथे होतं, तिथे त्या १९४१ साली, अठरा वर्षांच्या असताना, लष्कराच्या महिला शाखेतून दाखल झाल्या होत्या. मृत्यूच्या बातम्यांत बहुतेक मथळ्यांनी त्यांना ‘कोडब्रेकर’ म्हटलं. अशा प्रत्येक निधनानंतर जो वाद होतो, तो मग याही वेळी झाला. एक तट म्हणतो, इतिहासाने या बायकांवर अन्याय केला. युद्ध खरं त्यांनी जिंकलं आणि नाव झालं गणितज्ञ ॲलन ट्यूरिंगचं. दुसरा तट म्हणतो, कसलं कोड फोडणं? या टायपिस्ट होत्या, कारकून होत्या. आपण काय करतोय हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि आज ज्या ‘आठवणी’ म्हणून सांगतात त्या नंतर वाचलेल्या पुस्तकांतून आणि पाहिलेल्या सिनेमांतून गोळा झालेल्या आहेत. दोन्हीकडचे लोक तावातावाने भांडतात, पण मोजपट्टी दोघांच्या हातात एकच आहे. ज्याच्या डोक्यात उत्तर चमकलं त्याचंच काम खरं, हे दोघांनाही मान्य आहे. मग एकाला प्रत्येक बाई ट्यूरिंग होती असं सिद्ध करायचं असतं आणि दुसऱ्याला एकही नव्हती असं.

माझं म्हणणं वेगळं आहे. ब्लेचली हा मुख्यतः एक कारखाना होता. तीन पाळ्यांत चालणारा, कागद, तारा, टेप आणि नोंदपत्रांनी भरलेला. त्यात एकाच टेबलापाशी किंवा एकाच यंत्रापाशी रात्ररात्र उभ्या राहिलेल्या बाईची आठवण हा त्या कारखान्याचा अव्वल पुरावा आहे. तिला सगळं चित्र ठाऊक नव्हतं हे खरं आहे, पण त्यामुळे तिच्या साक्षीचं मोल घटत नाही. आपण तिला प्रश्नच चुकीचे विचारत आलो आहोत.

आधी दुसऱ्या तटाला जे द्यायला हवं ते देऊन टाकू, कारण त्यांचे मुद्दे फुसके नाहीत. १९४५च्या सुरुवातीला ब्लेचलीच्या कामावर सुमारे ९,००० माणसं होती आणि दर चारांत तीन बायका होत्या. यातल्या बहुसंख्य बायकांनी एकही कोड ‘फोडला’ नाही, हे निखालस खरं आहे. खुद्द बेटी वेब यांचं सुरुवातीचं काम होतं आवक नोंदीचं. पकडलेला संदेश यायचा, त्यावर तारीख, पाठवणाऱ्या केंद्राची खूण आणि पुढे अर्थहीन दिसणारे पाच-पाच अक्षरांचे गट असायचे. ते नोंदपत्रावर उतरवून क्रमाने लावायचे. पुढे त्यांच्याकडे जपानी संदेशांचं काम आलं. उलगडलेला मजकूर दुसऱ्या शब्दांत लिहायचा, म्हणजे तो शत्रूच्या हाती पडला तरी मूळ संदेश वाचला गेल्याचं कळू नये. हे काम त्यांना इतकं जमलं की १९४५ साली त्यांना वॉशिंग्टनला पेंटॅगॉनमध्ये पाठवलं गेलं. पण हे कोड फोडणं नव्हे. शिवाय सरसकट सगळ्यांना एकच बिरुद लावलं की ज्या थोड्या स्त्रियांनी खरोखर गणित आणि तर्क लढवून संकेत उलगडले, त्यांचं वेगळेपण पुसलं जातं. जोन क्लार्क, मेव्हिस लिव्हर, मार्गारेट रॉक यांच्यावर तो अन्यायच ठरतो. आठवणी नंतरच्या वाचनाने रंगतात, हेही नाकारण्यात अर्थ नाही. १९७४पर्यंत ज्या विषयावर चकार शब्द काढायला बंदी होती, त्याच्यावर पुढच्या चाळीस वर्षांत इतकं छापून आलं की स्वतःचं पाहिलेलं कोणतं आणि वाचलेलं कोणतं हे वेगळं करणं कोणालाही कठीण जावं.

इतकं मान्य केल्यावरही ‘म्हणून ते काम दुय्यम’ हा निष्कर्ष कुठून निघतो? त्यासाठी आधी ते काम काय होतं हे पाहायला हवं, आणि तिथेच दोन्ही तट घाई करतात.

जर्मन लष्कराच्या एनिग्मा या, संदेश सांकेतिक करणाऱ्या यंत्रात पाचांतली तीन चाकं निवडून ठरावीक क्रमाने बसवायची, त्यांची सुरुवातीची जागा ठरवायची आणि पुढच्या फळीवर दहा तारा जोडून अक्षरांच्या जोड्या लावायच्या. अशा मांडण्यांची संख्या १५८वर अठरा शून्यं एवढी होते. मांडणी साधारणपणे रोज बदलायची. म्हणजे काल मिळालेलं उत्तर आज रद्दी. हे कोडं पहिल्यांदा १९३२ साली मारियन रेयेव्स्की या पोलिश गणितज्ञाने सोडवलं आणि जुलै १९३९मध्ये पोलिशांनी आपलं सगळं ज्ञान ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हवाली केलं. एकट्या ट्यूरिंगची कथा सांगणारे हे प्रकरण बऱ्याचदा एका वाक्यात उरकतात, तो आणखी एक अन्याय. ट्यूरिंगने आराखडा केलेलं आणि पुढे गॉर्डन वेल्चमनने सुधारलेलं ‘बॉम्ब’ नावाचं यंत्र आलं ते मार्च १९४०मध्ये. संदेशात अमुक शब्द असणारच असा अंदाज बांधायचा, उदाहरणार्थ हवामानाचा अहवाल. तो अंदाज सांकेतिक मजकुराखाली सरकवत न्यायचा. एनिग्मात कोणतंही अक्षर स्वतःसाठी कधीच येत नाही, त्यामुळे जिथे तेच अक्षर समोरासमोर येईल ती जागा बाद. जुळलेल्या जागेवरून यंत्रासाठी जोडण्यांचा एक आराखडा तयार व्हायचा, त्याला ‘मेन्यू’ म्हणत. इथवर गणितज्ञ. यापुढे बायका.

त्या होत्या शाही नौदलाच्या महिला शाखेतल्या मुली, ज्यांना सगळे ‘रेन’ म्हणत. यंत्र जवळपास एक टन वजनाचं, माणसापेक्षा उंच, त्यावर १०८ फिरते ड्रम. प्रत्येक ड्रमच्या पाठीला तारेचे १०४ बारीक ब्रश. यातली एक तार वाकून शेजारच्या तारेला टेकली की शॉर्टसर्किट आणि उत्तर चूक. म्हणून चिमटा घेऊन एकेक तार सरळ करत बसायचं. मग मेन्यूप्रमाणे ड्रम चढवायचे, पाठीमागच्या जाड केबली जोडायच्या, यंत्र चालू करायचं. मेन्यूशी जुळणाऱ्या मांडणीपाशी ते थांबलं की ड्रमची स्थिती टिपून तपासणीला पाठवायची, पुन्हा चालू करायचं. बहुतेक थांबे खोटे निघायचे. खरा निघाला की निरोप यायचा, काम झालं, यंत्र उतरवा. की लगेच सगळे ड्रम काढून पुढच्या मेन्यूची जोडणी. आठ तासांची पाळी, आवाज आणि तेलाचा वास अखंड. स्कॉटलंडच्या पर्थ गावची जीन व्हॅलेंटाइन ही त्यांच्यातलीच एक. उंचीने बुटकी असल्यामुळे वरच्या रांगेतले ड्रम लावायला तिला स्टूल लागायचं. हे तिनेच पुढे सांगितलं.

या कामाला ‘यांत्रिक’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी माझ्याकडे एक साक्षीदार आहे, आणि त्याच्या बुद्धीबद्दल त्यांना शंका नसावी. २१ ऑक्टोबर १९४१ रोजी ब्लेचलीतल्या चौघांनी, म्हणजे ट्यूरिंग, वेल्चमन, ह्यू अलेक्झांडर आणि स्टुअर्ट मिलनर-बॅरी यांनी, सगळे वरिष्ठ ओलांडून थेट पंतप्रधान चर्चिलना पत्र लिहिलं. मिलनर-बॅरी ते स्वतः डाउनिंग स्ट्रीटला नेऊन देऊन आले. पत्रात काय होतं? नवा सिद्धांत? अधिक गणितज्ञांची मागणी? मुख्य तक्रार होती ती हाताखालच्या माणसांच्या तुटवड्याची. पंचकार्ड यंत्रांच्या विभागाला माणसं अपुरी पडल्यामुळे रात्रपाळी बंद करावी लागली आहे, परिणामी नौदलाची रोजची किल्ली, म्हणजे त्या दिवसाची मांडणी, सापडायला दररोज किमान बारा तास उशीर होतो आहे, आणि ही रात्रपाळी सुरू करायला तिसऱ्या श्रेणीच्या सुमारे वीस कारकून बायका ताबडतोब हव्या आहेत. बॉम्ब यंत्रांच्या थांब्यांची तपासणी करायला रेन मुली देऊ असं जुलैत कबूल केलं होतं, ऑक्टोबर संपत आला तरी काही झालेलं नाही, असंही त्यात होतं. चर्चिलनी त्यावर ‘आजच कार्यवाही करा’ असा शेरा मारला आणि त्यांना हवं ते सगळं मिळेल हे पाहायला सांगितलं.

अटलांटिकमध्ये पाणबुड्या जहाजांचे काफिले बुडवत असताना दररोज बारा तास म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. विसाव्या शतकातला एक अव्वल गणिती मेंदू पंतप्रधानांना लिहितो आहे की माझं डोकं तयार आहे, पण वीस कारकून बायकांवाचून ते रोज अर्धा दिवस बंद पडतं. हा कागद समोर असताना ‘खरं काम कोणाचं’ हा वाद घालायचा तरी कसा?

दुसरा तट इथे एक शब्द पकडेल, आणि पकडावाच. पत्रात त्या वीस बायका ‘बिनप्रशिक्षित’ चालतील असं म्हटलं आहे. म्हणजे कोणीही चाललं असतं. अगदी बरोबर. पण बदली माणूस मिळू शकतो एवढ्यावरून काम क्षुल्लक ठरवायचं असेल, तर प्रत्येक सैनिक क्षुल्लक ठरेल. पानिपताचं उदाहरण आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. डिसेंबर १७६०मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, आणि १४ जानेवारीला उपाशी फौज अब्दालीवर चालून गेली. धान्याचे बैल हाकणारा माणूस बदलता येण्यासारखाच होता. तो आला नाही म्हणून काय झालं ते आपण अडीचशे वर्षं बोलतो आहोत. भाऊसाहेबांच्या युद्धनीतीवर ज्यांना लिहायचं ते लिहोत, पण रसदेचं प्रकरण वगळून पानिपत समजतं असं कोणीही जाणता माणूस म्हणणार नाही. ब्लेचलीच्या बाबतीत मात्र रसदेला इतिहासात धरायचं की नाही यावर अजून वाद चालतो.

उलटीही एक नोंद आहे. फेब्रुवारी १९४२मध्ये जर्मन नौदलाने अटलांटिकमधल्या पाणबुड्यांसाठी एनिग्मात चौथं चाक बसवलं आणि ब्लेचली तिथे आंधळी झाली. ट्यूरिंग होता, त्याचा विभाग होता, बुद्धी कुठे गेली नव्हती. तरी जवळपास दहा महिने त्या पाणबुड्यांचे संदेश वाचता आले नाहीत. वाट सापडली ती ३० ऑक्टोबर १९४२ रोजी भूमध्य समुद्रात बुडत्या यू-५५९ पाणबुडीत उतरून दोन ब्रिटिश नौसैनिकांनी कागद बाहेर काढल्यावर. फॅसन आणि ग्रेझियर पाणबुडीबरोबर बुडाले, कागद वाचले. त्यानंतर चार चाकांची यंत्रं उभी करायला आणि चालवायला पुन्हा हात लागलेच. अमेरिकेत डेटन इथे नौदलाच्या महिला शाखेतल्या मुली अशा यंत्रांच्या चाकांत आराखड्याप्रमाणे तारा डाखत होत्या आणि ती चाकं कशासाठी हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. टेनेसीत ओक रिज इथे अणुबॉम्बसाठी युरेनियम वेगळं करणाऱ्या यंत्रांसमोर बसून काटे सांभाळणाऱ्या मुलींनाही आपण काय बनवतो आहोत ते ठाऊक नव्हतं. तरी उत्पादनाच्या स्पर्धेत त्यांनी शास्त्रज्ञांना मागे टाकलं, असं त्या प्रकल्पाच्या लष्करी अधिकाऱ्यानेच लिहून ठेवलं आहे. कारण साधं होतं. काटा हलला की शास्त्रज्ञ त्याच्या कारणामागे लागायचे, मुली तो जागेवर आणायच्या.

पण पहिल्या तटाने यावरून ‘बघा, बायकांनीच युद्ध जिंकलं’ म्हणू नये. युद्ध ब्लेचलीमुळे दोन वर्षांनी, कदाचित चार वर्षांनी लवकर संपलं, हा हॅरी हिन्सली यांचा अंदाज दोन्ही तट ढालीसारखा वापरतात. हिन्सली स्वतः ब्लेचलीत होते आणि पुढे ब्रिटिश गुप्तवार्तेचे अधिकृत इतिहासकार झाले. त्यांचा शब्द हलका नाही. पण न घडलेल्या इतिहासाचं माप कोणाला काढता आलं आहे? वीस बायका, बारा तास हा हिशेब मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण तो त्याच महिन्यात, गरजेपोटी मांडलेला आहे.

आता बुद्धीच्या प्रश्नाकडे येऊ, कारण ‘खऱ्या कोड फोडणाऱ्या स्त्रिया थोड्याच होत्या’ हा मुद्दा मी मान्य केला, पण त्याचं कारण विचारल्याशिवाय सोडणार नाही. जोन क्लार्क केंब्रिजची गणिती. तिथे तिने पहिल्या वर्गात यश मिळवलं, पण पूर्ण पदवी मिळाली नाही, कारण केंब्रिज १९४८पर्यंत स्त्रियांना ती देतच नव्हतं. जून १९४०मध्ये ब्लेचलीत आली ती आठवड्याला दोन पौंडांच्या कारकुनी पगारावर. काही दिवसांत ती ट्यूरिंगच्या गटात नौदलाच्या एनिग्मावर काम करू लागली. तिला बढती द्यायची ठरली तेव्हा अडचण आली: स्त्री संकेततज्ज्ञासाठी वरची श्रेणीच नव्हती. मग तिला ‘भाषातज्ज्ञ’ या श्रेणीत बसवलं. पुढे एका प्रश्नावलीत ‘श्रेणी: भाषातज्ज्ञ, येणाऱ्या भाषा: एकही नाही’ असं भरताना तिला भारी मजा वाटली होती. ज्या व्यवस्थेत एका गणितज्ञ बाईला जागा देण्यासाठी खोटा हुद्दा लागतो, तिच्याच हजेरीपटावरून ‘बायका थोड्याच होत्या’ हा पुरावा काढायचा? ती १९४४ साली विभागाची उपप्रमुख झाली. ते तिच्या ताकदीमुळे, व्यवस्थेच्या कृपेने नव्हे.

शिवाय कारकुनी काम आणि बुद्धीचं काम यांच्यामध्ये आपण जी भिंत बांधतो ती तिथे प्रत्यक्षात सलग नव्हती. मेव्हिस लिव्हर ही लंडनमध्ये जर्मन शिकणारी मुलगी. एकोणीस-वीस वर्षांची असताना तिच्यासमोर इटालियन नौदलाचा एक लांब संदेश आला. तिच्या लक्षात आलं की अख्ख्या संदेशात एल हे अक्षर कुठेच नाही. का नसावं? एनिग्मात अक्षर स्वतःसाठी येत नाही. म्हणजे नकली संदेश पाठवायला सांगितलेल्या कुणा आळशी माणसाने एलचंच बटण दाबत बसून वेळ काढला होता. तेवढ्यावरून चाकाची अंतर्गत जोडणी उलगडत गेली. मार्च १९४१मध्ये तिच्याच गटाने ‘आज मोहिमेच्या आधीचा तिसरा दिवस’ अशा अर्थाचा इटालियन संदेश वाचला आणि मॅटापानच्या लढाईत इटलीच्या तीन जड क्रूझर बुडाल्या. हे झालं प्रतिभेचं. पण २५ मे १९४१ रोजी जेन ह्यूज काय करत होती? किल्ली सापडलेली होती, ती फक्त संदेश टंकून काढत होती. जर्मन हवाई दलाच्या एका बड्या अधिकाऱ्याने बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेविषयी केलेल्या विचारपुशीचं उत्तर तिच्यापुढे आलं, त्यात फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदराचं नाव होतं, आणि ते महत्त्वाचं आहे हे तिने ओळखलं. अख्खं ब्रिटिश आरमार ज्या जहाजाला शोधत होतं ते फ्रान्सकडे चाललं होतं. दोन दिवसांनी ते बुडालं. तिचा हुद्दा कोणता होता हे विचारून आपण नेमकं काय शिकणार?

राहिला आठवणींच्या विश्वासार्हतेचा मुद्दा. मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा बखरींवर ते तुटून पडले ते याच कारणासाठी: मागाहून, ऐकीव, रंगवून लिहिलेलं; त्यापेक्षा त्या दिवसाचा अस्सल कागद मोलाचा. मी स्वतः राजवाड्यांच्या बाजूचा आहे. पण ब्लेचलीच्या बाबतीत बखर लिहिली कोणी ते पाहा. १९७४ साली हे गुपित फोडणारं पुस्तक लिहिलं एफ. डब्ल्यू. विंटरबोथम या हवाई दलाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने, मूळ कागद हाताशी नसताना, आठवणीवर. गुपित राखण्यासाठी चर्चिलनी १४ नोव्हेंबर १९४०ला कॉव्हेंट्री शहर जाणूनबुजून जळू दिलं, ही दंतकथा पसरली ती तिथून. पुढे कागद खुले झाल्यावर इतिहासकारांनी ती खोडून काढली. तरी ती आजही ऐकू येते. इतकी मोठी चूक केली ती मोठं चित्र ठाऊक असल्याचा दावा करणाऱ्या मोठ्या पुरुषाच्या स्मरणाने. ब्रशच्या तारा चिमट्याने सरळ करायच्या, वरच्या रांगेसाठी स्टूल लागायचं, रात्री बाराची पाळी सगळ्यात वाईट, हे सांगणाऱ्या बाईने अशी चूक करायचीच म्हटली तरी कशी करणार? ती जे हाताने केलं तेवढंच सांगते.

कागद अस्सल, हे खरंच. पण कागद असेल तर. युद्धानंतर ब्लेचलीत वापरलेल्या कलोसस या संगणकांपैकी बहुतेक मोडून टाकले गेले आणि ते बांधणाऱ्या टॉमी फ्लॉवर्सला आपले आराखडे जाळावे लागले. १९९०च्या दशकात टोनी सेल यांनी कलोसस पुन्हा उभा करायला घेतला तेव्हा हाती होती थोडी छायाचित्रं, अभियंत्यांनी ठेवून दिलेले आराखड्यांचे तुकडे आणि लोकांच्या आठवणी. बॉम्ब यंत्राचीही पुनर्बांधणी झाली आणि म्हातारपणी जीन व्हॅलेंटाइनने त्याच्यापुढे उभं राहून लोकांना ते चालवून दाखवलं. राजवाडे असते तर तिला बखरकारांत बसवलं असतं की अस्सल साधनांत? माझा तर्क अस्सल साधनांकडे झुकतो. आठवणी तपासून घ्याव्यातच. ज्या गोष्टी बाईने नंतर वाचल्या असणार त्या बाजूला काढाव्यात. चर्चिल भेटीला आले होते ते कसे दिसत होते, हा प्रश्न तिला शेवटी विचारावा किंवा विचारूच नये.

पहिल्या तटाशी माझं सगळ्यात मोठं भांडण मात्र मौनावरून आहे. ‘तीस-तीस वर्षं नवऱ्यालाही सांगितलं नाही’ हे वाक्य प्रत्येक लेखात येतं आणि त्यावर डोळे भरून येतात. सोन्याची अंडी घालून कधीही न कलकललेल्या हंसिणी, असं कौतुक चर्चिलच्या नावावर सांगितलं जातं. युद्ध चालू असताना गुप्तता हवीच होती, यात वाद नाही. त्यानंतरही, शीतयुद्धात ब्रिटनला इतरांचे संदेश वाचायचे होते आणि आपण किती वाचू शकतो हे लपवायचं होतं. हाही मुद्दा पोकळ नाही. मौन फक्त बायकांनी पाळलं असंही नाही, पुरुषांनीही तेच कागद सही केले होते. पण किंमत सारखी पडली का? पुरुषाकडे निदान पदवी असायची, हुद्दा असायचा, आणि परत जायला एखादं कॉलेज असायचं. गणितज्ञ आपापल्या विद्यापीठांत गेले आणि तिथे त्यांना ओळखणारे लोक होते. विशी-बाविशीच्या कारकून मुलीकडे युद्धातली चार वर्षं हीच सगळी पुंजी, आणि तीच दाखवायला बंदी. बेटी वेब यांना युद्धानंतर नोकरी मिळेना; आधी काय केलं ते सांगता येत नव्हतं. शेवटी लडलो गावच्या शाळेत काम मिळालं, कारण तिथले मुख्याध्यापक स्वतः ब्लेचलीत होते आणि रिकाम्या जागेचा अर्थ त्यांना न विचारता कळला. असा मुख्याध्यापक ज्यांना भेटला नाही त्यांचं काय झालं असेल? या मौनाला त्याग म्हणून हार घातला की ते लादलं कोणी, संपायला इतकी वर्षं का लागली, भरपाई कोणी दिली, हे प्रश्न आपोआप मिटतात. सरकारला ते सोयीचं आहे. आपल्याला का असावं?

या सगळ्याचा आपल्याशी संबंध नाही असं वाटत असेल तर जीन व्हॅलेंटाइन पुढे कुठे गेली ते सांगतो. कोलंबोला. तिथल्या नौदल केंद्रात ती जपान्यांचे हवामानाचे सांकेतिक संदेश उलगडण्याचं काम करत होती. तेव्हा शेजारच्या बर्मा आघाडीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीची माणसं लढत होती. ब्लेचलीची एक मोठी शाखा दिल्लीत आनंद पर्वतावर, कॉलेजच्या इमारतीत होती, आणि तिथून जपानी लष्कराच्या संदेशांवर काम चालायचं. १९४२ साली भारतात ‘विमेन्स ऑक्झिलरी कोअर’ उभी राहिली, तिच्यात हजारो स्त्रिया होत्या, आणि टेलिफोनपासून सायफरपर्यंतची कामं या दलातल्या मुलींकडे होती. यातल्या कोणाची आठवण आपण मराठीत वाचली आहे? इंग्लंडने उशिरा का होईना आपल्या म्हाताऱ्यांसमोर रेकॉर्डर ठेवला. आपल्याकडे इंग्रजांच्या फौजेत नोकरी केलेली बाई हा स्वातंत्र्यानंतर अभिमानाने सांगण्याचा विषय राहिला नाही, म्हणजे तिच्या तोंडावर कायद्याच्या जोडीला आणखी एक कुलूप लागलं. आज त्या पिढीतलं कोणी हयात असेल तर शंभरीच्या आसपास असेल. घरात अशी कोणी आजी, पणजी होऊन गेली असेल तर तिची नेमणुकीची चिठ्ठी, गणवेशातला फोटो, पगाराची पावती अजून कुठल्या ट्रंकेत असू शकते. आणि ती बोलण्याच्या स्थितीत असेल, तर तिला ‘तुम्हाला भीती वाटायची का’ आणि ‘देशासाठी काय वाटायचं’ हे विचारू नका. पाळी किती वाजता सुरू व्हायची, टेबलावर काय काय असायचं, चूक झाली तर कोण पकडायचं, पगार हातात किती पडायचा, आणि रात्रपाळी संपवून उठताना पुढच्या मुलीच्या हाती काय सोपवून यायचात, हे विचारा.